चारांतली एक परकी

१

दीपमालाने डब्याच्या तिसऱ्या खणातली डिस्क ओढून काढली, उलटी करून भिंगाखाली धरली आणि लेबलवरचा नंबर वाचता वाचता तिचा हात थांबला. पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या खणातल्या डिस्कांचे नंबर पाठोपाठचे होते, एकाच खोक्यातून निघाल्यासारखे. ही तिसरी मात्र परक्या घरची होती. बनावट तीच, रंग तोच, जाडी तीच. पण नंबर भलताच, आणि आतली जागा बाकीच्यांच्या निम्मी.

म्हणजे डबा बंद पडला नव्हता. कोणीतरी तो बंद पाडला होता.

दीपमाला खराडे बारा वर्षं हिंजवडीच्या एका कंपनीत साठवणुकीच्या यंत्रांवर काम करत होती. रोजच्या ट्रॅफिकला कंटाळून तिने नोकरी सोडली आणि रहाटणीत पिठाच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर स्वतःची छोटी लॅब थाटली. गेलेला डेटा काढून देणं हा तिचा धंदा. गिरणी चालू असली की टेबल थरथरायचं, म्हणून नाजूक काम ती दुपारी गिरणी बंद असताना करी. आत्ताही दुपारच होती आणि खाली शांतता होती.

डबा चाकणच्या एका प्रेस शॉपमधला, म्हणजे पत्रा दाबून गाड्यांचे भाग काढणाऱ्या कारखान्यातला होता. तिथे सत्तावीस दिवसांपूर्वी, मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास, गणराज नावाच्या ऑपरेटरच्या उजव्या हाताची चार बोटं प्रेसमध्ये गेली. प्रेसपुढे प्रकाशकिरणांचा एक पडदा असतो. त्यात हात आला की मशीन जागच्या जागी थांबतं. त्या दिवशी तो पडदा चावी फिरवून बंद केलेला होता. कोणी केला, हाच प्रश्न. कंपनीचं म्हणणं, लाइनवरची मशीन लावून देणाऱ्या सेटरने, ज्ञानदेवने केला. गणराजनेही जबाबात तेच नाव घेतलं. ज्ञानदेववर गुन्हा दाखल झाला, नोकरी गेली, आता तो जामिनावर होता. चावीच्या पेटीवर नेमका एक कॅमेरा होता. पण त्याचं चित्रण ज्या डब्यात साठायचं, तो डबा त्याच दिवशी बंद पडला.

पोलिसांनी दुसऱ्या दिवशी डबा सील करून ठेवला आणि कंपनीला सांगितलं, यातून काही निघत नाही म्हणता, तर तसं जाणकाराचं पत्र आणा. ते पत्र लिहायला मालकाने दीपमालाला बोलावलं होतं.

आज सकाळी इथे लॅबमध्ये दोन पंचांच्या देखत सील उघडलं तेव्हा ते शाबूत होतं. म्हणजे डिस्क बदलली ती मंगळवारचा अपघात आणि बुधवारचं सील यांच्या मधल्या एका दिवसात. आणि बदलणारा कंपनीच्या आतलाच होता.

तिने फोन उचलला, मालकाचा नंबर काढला, आणि परत ठेवून दिला. ही गोष्ट कोणाला सांगायची, हे अजून ठरायचं होतं.

२

मालक म्हणजे दादासाहेब. चाकणची जुनी शेतकरी असामी. जमिनीवर कारखाने आले तेव्हा नुसती जमीन विकून गप्प न बसता त्यांनी स्वतः दोन प्रेस टाकले, त्याचे आता चौदा झाले होते. मागच्या आठवड्यात डबा बघायला दीपमाला कंपनीत गेली होती, तेव्हा त्यांनी तिला स्वतः खुर्ची ओढून दिली, चहाबरोबर बाकरवडी मागवली आणि गणराजबद्दल बोलताना त्यांचे डोळेही भरले. अपघात झाल्यावर त्याला आपल्या गाडीत घालून दवाखान्यात नेणारे तेच. संध्याकाळपर्यंत ते तिथेच बसून होते.

“निघालं तर देवच पावला,” ते म्हणाले होते. “आन् न्हाई निघालं तर तसं चार वळी लिवून द्या, ताई. आमी सुटलो. त्या ज्ञानदेवचं जे व्हायचं ते कोर्ट बघंल.”

माणूस मोकळा वाटला. पण निघताना त्यांनी तिला दोनदा विचारलं, असे डबे सहसा निघत नाहीत ना?

आता पुन्हा चाकणला जाताना तिच्या डोक्यात ते घोळत होतं. गेटमधून आत नेलेल्या सामानाची नोंद स्टोअरमध्ये करायची पद्धत होती. मागच्या खेपेसारखीच यावेळीही स्टोअरकीपर साधनाताईंनी तिच्या लॅपटॉपची पावती कार्बन घालून हाताने लिहून दिली. पन्नाशीच्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेल्या, कमी बोलणाऱ्या. पत्र्याच्या शेडमधलं ते स्टोअर भट्टीसारखं तापलेलं होतं. दीपमालाने सहज विचारल्यासारखं विचारलं की कॅमेऱ्याचा डबा घेतला तेव्हा त्याच्या डिस्कांचे नंबर कुठे टिपलेत का. साधनाताईंनी तिच्याकडे क्षणभर निरखून पाहिलं, मग मागून जुनं रजिस्टर काढलं आणि पान उघडून समोर ठेवलं. अडीच वर्षांपूर्वीची नोंद, चार नंबर, एकापुढे एक. तिसरा नंबर डब्यात सापडलेल्या डिस्कचा नव्हता. दीपमालाने पानाचा फोटो घेतला. साधनाताईंनी कशाला म्हणून विचारलं नाही.

मग ती कुलदीपला भेटली. कॅमेरे आणि कॉम्प्युटर सांभाळणारा हा पंचविशीतला मुलगा कंत्राटावर आठवड्यातून तीन दिवस यायचा. त्याने पहिल्याच दमात सांगून टाकलं की डबा मेलेला आहे.

“ताई, आतल्या डिस्का सुट्या दिसतच नाहीत,” तो म्हणाला. “डबा चारही मिळून एकच मोठी डिस्क दाखवतो. एक गेली की तो हात वर करतो. मी बुधवारी आलो तेव्हा त्यानं हात वर केला होता. खण उघडून बघायचं काय त्यात?”

मंगळवारी तो कुठे होता, असं विचारल्यावर तो चाचरला. हिंजवडीला दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे, म्हणाला, आणि येताना तीन तास ट्रॅफिकमध्ये. डब्याच्या खोलीची किल्ली ऑफिसात खिळ्याला टांगलेली असते, ती कोणीही घेऊ शकतं, हेही त्याने न विचारता सांगितलं.

प्रॉडक्शन मॅनेजर मारुतराव तर सरळ चिडलेच. अपघाताच्या वेळी आपण गिऱ्हाइकाच्या माणसांबरोबर मीटिंगमध्ये होतो, असं त्यांनी सांगितलं. कोणत्या गिऱ्हाइकाच्या, हे विचारल्यावर ते उठून उभे राहिले.

“पत्र द्यायचंय ना तुम्हाला? मग पत्र द्या,” ते म्हणाले. “चौकशी करायला पोलीस आहेत.”

दीपमाला दाराबाहेर पडली. मागून मारुतरावांचा आवाज आला, या वेळी अगदी हळू. “किती दिसतं हो त्यात? माणूस ओळखू येतो?”

डब्यातून काहीतरी दिसणार आहे, असं तिने अजून कोणालाही सांगितलं नव्हतं.

३

दुसऱ्या दिवशी ती लॅबवर पोचली तेव्हा जिन्यात एक माणूस बसला होता. तिशीतला, काटकुळा, हातात टोपी चुरगाळत असलेला. त्याने उठून नमस्कार केला आणि नाव सांगितलं, ज्ञानदेव. परभणीकडचा. हाच तो सेटर.

तिला ते आवडलं नाही. ज्याच्यावर गुन्हा आहे त्याने पुराव्याच्या दारात येऊन बसावं, हे बरं लक्षण नव्हतं. डबा इथे आलाय हे तुला कसं कळलं, असं तिने विचारलं. त्याने सांगितलं, स्टोअरच्या मॅडमनी फोन केला होता.

“मला काही मागायचं नाई,” तो म्हणाला. “मी चावीला हात नाई लावला. तुमाला दिसलं तर दिसलं म्हणून लिहा, नाई दिसलं तर नाई. पन न बघता लिहू नका, एवढंच.”

एवढं बोलून तो गेला. दीपमालाने दार लावून घेतलं. तो खरं बोलला की फार छान पढवलेलं बोलला, हे तिला सांगता आलं नसतं. अपघातानंतर पोलीस येईपर्यंत ज्ञानदेव कंपनीतच होता. किल्ली खिळ्यावर होती. डिस्क त्यानेही काढलेली असू शकत होती.

गिरणी बंद झाल्यावर ती कामाला बसली. डब्याला विचारून उपयोग नव्हता, कुलदीपचं तेवढं खरं होतं. पण डब्याला बाजूला ठेवून प्रत्येक डिस्कला एकेकटीला विचारता येतं, हे त्याला ठाऊक नव्हतं किंवा त्याने ठाऊक नसल्याचं दाखवलं होतं. तिने तिन्ही अस्सल डिस्का एकेक करून वेगळ्या यंत्राला जोडल्या. त्या यंत्रातून डिस्क फक्त वाचता येते, तिच्यावर काडीइतकंही लिहिता येत नाही. तिन्हींच्या नकला घेतल्या आणि मूळ डिस्का पाकिटात घालून बंद केल्या.

अशा डब्यात चित्रण पत्ते वाटल्यासारखं वाटलं जातं. पहिला तुकडा पहिल्या डिस्कवर, दुसरा दुसरीवर, तिसरा तिसरीवर, चौथा चौथीवर, की पुन्हा पहिलीपासून. कोणत्याही एका डिस्कवर अख्खी गोष्ट नसते. एक काढून घेतली की डबा म्हणतो सगळं गेलं. पण सगळं जात नाही, चौथा हिस्सा जातो. या डब्यातला एक तुकडा साधारण एका सेकंदाच्या चित्राएवढा होता. म्हणजे तीन सेकंद दिसणार आणि एक सेकंद कोरा, पुन्हा तीन दिसणार, एक कोरा.

तुकडे क्रमाने लावायला तिला दोन दुपारी लागल्या. तिसऱ्या दुपारी मॉनिटरवर प्रेस उभा राहिला. वेळ, दहा वाजून बावन्न मिनिटं. पिवळं हेल्मेट घातलेला एक काटकुळा माणूस, बहुधा ज्ञानदेव, पलीकडच्या मशीनवर पाठमोरा वाकलेला. मग कोरा सेकंद. मग चावीच्या पेटीपाशी एक माणूस. पांढरं हेल्मेट, पाठ कॅमेऱ्याकडे, हात पेटीत. हात वळला. डोकं वळू लागलं, आणि चेहरा दिसणार तोच चित्र कोरं झालं. पुढच्या सेकंदाला तो माणूस चौकटीबाहेर गेलेला होता.

त्या लाइनवर पांढरं हेल्मेट घालणारा एकच माणूस असायचा. मारुतराव.

४

एवढ्यावर ती पोलिसांकडे जाऊ शकली असती. पण ती बसून राहिली, कारण दोन गोष्टी जुळत नव्हत्या.

पहिली अशी की पांढरं हेल्मेट म्हणजे चेहरा नव्हे. समोरचा वकील म्हणणार, ज्ञानदेवनेच ते डोक्यावर चढवलं असेल, पलीकडे वाकलेला दुसराच कोणी.

दुसरी वेळेची. तिन्ही डिस्कांवरचं लेखन एकाच क्षणी थांबलं होतं, दुपारी दोन वाजून वीस मिनिटांनी. तिसरी डिस्क खणातून निघाली ती तेव्हा. तपास अधिकाऱ्यांना फोन करून तिने त्या दिवसाच्या नोंदी विचारल्या. दोन वीसला मारुतराव चौकीत जबाब देत बसले होते. दादासाहेब दवाखान्यात होते, तिथल्या कागदावर त्यांची सही होती. ज्ञानदेवला दीड वाजताच चौकीत नेलं होतं. कुलदीपच्या हिंजवडीच्या गिऱ्हाइकाने तो तीनपर्यंत आपल्याकडे असल्याचं सांगितलं.

ज्यांना चित्रण नको असू शकत होतं ते सगळे दोन वीसला दुसरीकडे होते. मग डिस्क काढली कोणी, आणि कशासाठी?

उत्तर द्यायला एकच साक्षीदार उरला होता, ती परकी डिस्क. तिच्यावरचा मजकूर कोणीतरी पुसला होता. पण प्रत्येक डिस्कच्या पोटात तिची स्वतःची एक वही असते आणि मजकूर पुसला तरी ती वही पुसली जात नाही. डिस्क एकूण किती तास चालली, किती वेळा सुरू झाली, जास्तीत जास्त किती तापली, एवढं त्यात असतं. डब्याच्या आडून ती वही दिसत नाही. डिस्क एकटी जोडली की दिसते.

तिन्ही अस्सल डिस्का साडेएकवीस हजार तास चालल्या होत्या आणि अडीच वर्षांत जेमतेम एकोणीस वेळा बंद होऊन सुरू झाल्या होत्या. कॅमेऱ्याचा डबा असाच चालतो, रात्रंदिवस. एसीच्या खोलीत असल्याने एक्केचाळीस अंशांच्या वर कधी गेल्या नव्हत्या.

परकी चालली होती पाच हजार सहाशे चाळीस तास. सुरू झाली होती सातशे दोन वेळा. दीपमालाने भागाकार केला. दर खेपेला आठ तास. सकाळी सुरू, संध्याकाळी बंद. आणि तापमान एकोणसाठ अंशांपर्यंत चढलेलं.

गेटवरचा कॉम्प्युटर कधी बंद होत नाही. तपासणी विभागातला तीन पाळ्यांत चालतो. ऑफिसातले आठ तास चालतात, पण तिथे एसी आहे. एकाच पाळीत चालणारा, आणि पत्र्याखाली भाजणारा कॉम्प्युटर त्या आवारात एकच असू शकत होता. आणि तिथे गेल्या दोन्ही खेपांना तिला पावती हाताने लिहून मिळाली होती, टेबलावर कॉम्प्युटर असताना.

स्टोअर. साधनाताई.

ज्ञानदेवला फोन करणाऱ्याही त्याच. पण मग त्यांनी ते रजिस्टर का उघडून दाखवलं? ज्याला डिस्क लपवायची आहे तो खऱ्या डिस्कचा नंबर आपण होऊन पुढे करत नाही.

दीपमालाने बॅग उचलली. कोणालाही न कळवता ती चाकणला निघाली.

५

गुरुवार होता, कंपनीची सुट्टी. पण माल येणार असल्याने साधनाताई स्टोअरमध्ये एकट्याच होत्या. दीपमालाने बसायला मागितलं आणि तास, खेपा, अंश, जे तिला कळलं होतं ते सगळं एकेक करून सांगितलं. साधनाताई ऐकत राहिल्या. मग त्यांनी चष्मा काढला.

“तुम्ही मालकांच्या बोलावण्यावरून आलात,” त्या म्हणाल्या. “तुमच्यावर विश्वास कसा ठेवायचा?”

“ठेवू नका,” दीपमाला म्हणाली. “डिस्क पोलिसांच्या हातात द्या. मी फक्त ती चौघींत बसवीन.”

बाहेर फोर्कलिफ्ट मागे येत असल्याचा टीं टीं आवाज येत होता. तो थांबल्यावर साधनाताईंनी सांगायला सुरुवात केली.

पडदा बंद करायची चावी स्टोअरमध्ये असते. सही केल्याशिवाय ती कोणाला द्यायची नाही, असा नियम. अकरा वर्षांत त्यांनी तो मोडला नव्हता. त्या मंगळवारी मारुतराव जागेवर नव्हते. गिऱ्हाइकाची गाडी दारात उभी होती आणि पडद्याचा सेन्सर सारखा मशीन थांबवत होता. पावणेअकराला चावी मागायला आले ते स्वतः दादासाहेब. पांढरं हेल्मेट घालून, घाईत.

“मालकाकडे सही कोण मागणार?” साधनाताई म्हणाल्या. “मी चावी दिली. वीस मिनिटांनी गणराज ओरडल्याचं मला इथपर्यंत ऐकू आलं.”

दुपारी ज्ञानदेवला नेलं तेव्हा त्यांना वाटलं, मालक दवाखान्यातून आले की सांगतील. मग ऑफिसात स्पीकरवर चाललेलं फोनचं बोलणं कानावर पडलं, मालक दवाखान्यातून सांगत होते की सेटरनेच चावी फिरवली. त्या क्षणी त्यांना कळलं की रजिस्टर कोरं आहे आणि आपला शब्द मालकाच्या शब्दापुढे कोणी धरणार नाही. चित्रण तेवढं खरं सांगेल. पण ते मालकाच्याच ऑफिसात, आणि पंधरा दिवसांनी जुन्यावर नवं चढणार. त्याआधीच कोणी पुसलं तर तेही नाही.

तीन महिन्यांपूर्वी डब्यातली एक डिस्क सैल झाली होती. तेव्हा कुलदीपने त्यांच्यासमोर ती काढून पुन्हा बसवली आणि सांगितलं होतं, एक बाहेर असली की डबा मुका, ना नवं लिहितो ना जुनं दाखवतो, तीच परत बसवली की जसाच्या तसा. एवढं त्यांच्या लक्षात राहिलं होतं. खिळ्यावरची किल्ली घेऊन त्यांनी दोन वीसला तिसरी डिस्क ओढली. खण रिकामा दिसू नये म्हणून आपल्या कॉम्प्युटरची डिस्क, आतलं पुसून, तिथे घातली.

“पुसलं असतं तर कायमचं गेलं असतं,” त्या म्हणाल्या. “मी अडकवून ठेवलं. कोणीतरी नंबर विचारेल म्हणून वाट बघत होते. सत्तावीस दिवस कोणी विचारलं नाही.”

“तुम्ही पोलिसांकडे का गेला नाहीत?”

“एकट्या डिस्कमध्ये काही दिसत नाही, म्हणतील चोरलीस. आणि चावी मीच दिली ना.” त्या थांबल्या. “खरं म्हणजे भीती वाटली. हे शेवटचंच कारण खरं.”

त्या उठल्या, त्यांनी नापास बेअरिंगांच्या रॅकवरून एक खोकं खाली काढलं. बेअरिंगांखाली, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली डिस्क होती. लेबलवरचा नंबर रजिस्टरमधला होता.

शेडच्या दारात सावली पडली. दादासाहेब उभे होते.

६

सुट्टीच्या दिवशी माल नीट उतरला का, ते बघायला आले होते, असं म्हणाले. त्यांची नजर साधनाताईंच्या हातातल्या डिस्कवर गेली आणि तिथेच राहिली. दीपमालाने लगेच फोन लावला आणि त्यांच्या समोरच तपास अधिकाऱ्यांना सांगितलं की डब्यातली खरी डिस्क सापडली आहे, स्टोअरमध्ये आहे, तीन माणसं समोर आहेत, माणूस पाठवा. फोन तिने बंद केला नाही. तसाच टेबलावर ठेवला.

दादासाहेब खोक्यावर बसले. धमकी देतील, पैसे बोलतील, काहीतरी करतील म्हणून दीपमाला सावध होती. त्यांनी तसं काही केलं नाही.

“पाच मिन्टासाठी फिरवली व्हती,” ते म्हणाले. “गाडी गेली की परत फिरवनार व्हतो. फोन आला आन् ध्यानातून गेलं.”

“ते ध्यानातून गेलं,” साधनाताई म्हणाल्या. अकरा वर्षांत त्या मालकाशी अशा आवाजात कधी बोलल्या नसतील. “ज्ञानदेवचं नाव कसं ध्यानात आलं?”

दीपमालाला आता दादासाहेबांचं ते दोनदा विचारणं समजलं. त्यांनी तिला चित्रण काढायला नव्हे, ते कधी निघणार नाही याची खात्री करून घ्यायला बोलावलं होतं. डबा आपोआप बंद पडला याचं त्यांना सगळ्यांत जास्त नवल वाटलं असेल. नशिबाने हात दिला असंच ते इतके दिवस समजून होते.

अर्ध्या तासाने पोलीस आले. साधनाताईंनी आपला जबाब स्वतः सांगितला. त्यातलं पहिलं वाक्य होतं, चावी मी दिली, सही घेतली नाही.

मारुतरावांचं कोडंही त्याच संध्याकाळी सुटलं. त्या मंगळवारी सकाळी ते देहूरोडच्या बाजूला एका दुसऱ्या कंपनीत मुलाखतीला गेले होते. ते उघड झालं असतं तर होती ती नोकरीही गेली असती, म्हणून मीटिंगची थाप. अपघाताची बातमी फोनवर कळताच ते धावत आले होते. अपघातानंतर आपण बाहेरून धावत येताना डब्यात दिसू, या धास्तीने त्यांनी तिला ते विचारलं होतं.

सोमवारी दीपमालाने पोलीस ठाण्यात चारही डिस्कांच्या नकला क्रमाने लावून दाखवल्या. कोऱ्या सेकंदात चेहरा भरला. दादासाहेब, अगदी स्पष्ट, मागे वळून कोणाला तरी हात करताना.

तपास अधिकाऱ्यांनी गणराजलाही बोलावून घेतलं होतं. चोवीस वर्षांचा मुलगा, हिंगोलीकडचा, उजवा हात अजून पांढऱ्या पट्टीत. दवाखान्यात शुद्धीवर आला तेव्हा मालकांनी सांगितलं होतं ज्ञानदेवने केलं, त्याने तेच सांगितलं. मालक डोळ्यांत पाणी आणून सांगत होते, खोटं कशाला वाटेल. चित्रण पुढे चालूच होतं. अकरा वाजून पाच मिनिटं. प्रेस खाली आला. दीपमाला थांबवायला गेली, तर गणराज म्हणाला, राहू द्या.

पुढचा सेकंद तिसऱ्या डिस्कवरचा होता. ती डिस्क बसेपर्यंत तो कोणीच पाहिलेला नव्हता. पलीकडच्या मशीनवरून पिवळं हेल्मेट झेपावलं, लाल बटणावर मूठ आपटली. हेल्मेट डोक्यावरून उडून पडलं. ज्ञानदेव. प्रेस दुसऱ्यांदा खाली यायला निघाला होता तो अर्ध्यात थांबला.

“मशीन आपोआप थांबलं असं मला वाटलं व्हतं,” गणराज म्हणाला. त्याने तो एक सेकंद पुन्हा दाखवायला सांगितला. मग आणखी एकदा. मग विचारलं, जबाब बदलायचा तर काय करावं लागतं.

अर्ज करावा लागतो, असं कळल्यावर तो व्हरांड्यातल्या टेबलापाशी गेला. दुसऱ्या टोकाच्या बाकावर ज्ञानदेव जामिनाच्या हजेरीसाठी बसला होता. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. गणराजने डाव्या हातात पेन धरलं आणि लिहायला सुरुवात केली. अक्षर वेडंवाकडं येत होतं, पण त्याहून वाईट म्हणजे कागद जागेवर राहत नव्हता. दाबून धरायला दुसरा हात नव्हता. पेन पुढे गेलं की कागद सरकायचा. पहिली ओळ पानाच्या बाहेर गेली. त्याने दुसरा कागद घेतला. तोही सरकला.

दीपमाला दारातून बघत होती. ती पुढे व्हायच्या आत ज्ञानदेव बाकावरून उठला, टेबलापाशी आला आणि कागदाच्या दोन्ही कोपऱ्यांवर बोटं दाबून उभा राहिला.

गणराजने मान वर केली नाही. त्याने सुरुवातीपासून लिहायला घेतलं.